परिचारिकेची बाहुली

टेबलावर एक तान्हे मूल निश्चल पडलेले आहे. ते नुकतेच जन्माला आले आहे. पण त्याने अद्याप टाहो फोडलेला नाही, आणि त्याचे हातपाय सैल पडले आहेत. उशाशी उभी असलेली वीस वर्षांची विद्यार्थिनी त्याचे अंग कोरड्या कापडाने भराभर पुसते, पाठ हलकेच चोळते, ओले कापड दूर सारून सुके गुंडाळते, नाकातोंडावर छोटासा मास्क बसविते आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी दाबू लागते. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत असतो. पिशवी दाबली जाते, पण छाती उचलत नाही. ती अधिक जोराने दाबते. छाती तरीही उचलत नाही. काटा आपली फेरी पुरी करतो आणि मागे उभ्या असलेल्या शिक्षिका शांतपणे म्हणतात, "थांबा. मिनिट संपले."

येथे कोणाचेही मूल दगावलेले नसते. टेबलावर असते ती एक बाहुली. तिची मान पुढे झुकलेली राहिली, त्यामुळे श्वासाची वाट मिटली, आणि पिशवीतील हवा फुप्फुसात न जाता मास्कच्या कडेने बाहेर पडत राहिली. दोषाचे कारण एवढेसेच. थोड्या वेळाने तीच विद्यार्थिनी त्याच टेबलाशी पुन्हा उभी राहते. या वेळी ती खांद्याखाली कापडाची लहानशी घडी सरकविते, हनुवटी किंचित उचलते आणि पिशवी दाबते. बाहुलीची छाती वर येते. मुलीच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटते ते पाहिले म्हणजे हा खेळ नव्हे, याविषयी कोणालाही शंका उरणार नाही.

दिल्ली आणि तिच्या भोवतालची गुरुग्राम, नोएडा, फरीदाबाद ही नगरे यांतील परिचर्या-शिक्षणात अशा पाठांना आता रीतसर स्थान मिळाले आहे. 'सिम्युलेशन' हा इंग्रजी शब्दच तेथे रूढ आहे. मराठीत त्याला लुटुपुटूचा प्रसंग म्हणावे, तर शब्द हलका वाटेल. पण अर्थ नेमका तोच आहे. रुग्ण लुटुपुटूचा, आजार लुटुपुटूचा; शिकणे मात्र खरे. आणि या शिक्षणाची सर्वांत अधिक गरज कोठे असेल, तर ती बालकांच्या शुश्रूषेत होय.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे, हे वैद्यकातील जुने सूत्र आहे. तीन किलो वजनाच्या नवजात अर्भकाच्या अंगात सारे मिळून अदमासे २४० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे मोठ्या पेल्यात मावेल इतके. मोठ्या माणसाच्या बाबतीत जो रक्तस्राव कोणाच्या लक्षातही येणार नाही, तो या जिवाला धोक्याच्या काठावर नेऊन ठेवू शकतो. सलाइनचे पाणी मोठ्यांना बाटलीच्या हिशेबाने दिले जाते. अर्भकाच्या बाबतीत साठ थेंबांचा एक मिलिलिटर होईल अशी बारीक नळी लावून थेंब मोजावे लागतात. औषधांचे तर विचारूच नये. अमिकासिन या औषधाची मोठ्यांसाठी मिळणारी कुपी ५०० मिलिग्रॅमची असते, आणि तेवढे औषध २ मिलिलिटर द्रवात असते. दोन किलो वजनाच्या अर्भकाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या मानाने त्यातील ३० मिलिग्रॅम, म्हणजे अवघे ०.१२ मिलिलिटर द्यावयाचे. दशांशचिन्ह एक घर सरकले, की तेच १.२ मिलिलिटर होतात. सिरिंजमध्ये दोन्ही आकडे सहज मावतात, आणि हातालाही त्यांतील फरक फारसा जाणवत नाही. परंतु दसपट गेलेले ते औषध मूत्रपिंडावर आणि कानांवर आघात करू शकते. कागदावरील एका टिंबाची किंमत एखाद्या मुलाला जन्मभर बहिरे राहून द्यावी लागेल, असे हे शास्त्र आहे.

शिवाय हा रुग्ण बोलत नाही. कोठे दुखते ते सांगत नाही, औषध जास्त झाले अशी तक्रार करीत नाही. त्याची भाषा म्हणजे त्याचा श्वास, त्याच्या त्वचेचा रंग आणि त्याचे रडणे, किंवा न रडणे. ही भाषा वाचावयास शिकल्यावाचून बालकाची परिचारिका होता येत नाही. प्रश्न एवढाच की, ही भाषा वाचताना प्रारंभी ज्या चुका होणारच, त्या कोणाच्या अंगावर व्हाव्यात?

या प्रश्नाचे जुने उत्तर सर्वांना ठाऊक आहे, जरी ते कोणी उघडपणे उच्चारीत नसे. दिल्लीला परिचर्या-शिक्षणाची थोर परंपरा आहे. १९१६ साली सुरू झालेले लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, १९४६ साली स्थापन झालेले आणि पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव धारण करणारे परिचर्या महाविद्यालय, १९५६ साली उघडलेले कलावती सरन बाल रुग्णालय, १९६२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत सुरू झालेले परिचर्या महाविद्यालय, या संस्थांनी देशाला परिचारिका आणि त्यांच्या शिक्षिका पुरविल्या. १९५९ साली परिचर्येतील पदव्युत्तर शिक्षणाचा प्रारंभही याच नगरीत झाला. परंतु दिल्ली असो, मुंबई असो की लंडन असो, शिक्षणाची रूढ रीत एकच होती: ज्येष्ठ परिचारिका करील ते पाहावयाचे, आणि मग स्वतः करावयाचे. पहिले इंजेक्शन, पहिली नळी, पहिला मास्क, सारे जिवंत रुग्णावरच. आणि ज्याच्यावर शिकावयाचे तो रुग्ण बहुधा सार्वजनिक रुग्णालयात आलेल्या गरिबाचे मूल असे. ज्याला दुसरीकडे जाण्याची सोय नाही, त्याच्याच अंगावर शिकाऊ हाताचा पहिला कंप उमटावा, हा काही लिखित नियम नव्हता. पण व्यवहार तसा होता.

हा व्यवहार टाळावा, हा विचार मात्र आजचा नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत या विषयाला एक स्वतंत्र अध्यायच दिलेला आहे. हातात शस्त्र घेण्यापूर्वी शिष्याने कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांवर छेद घेण्याचा सराव करावा, शिवण जाड कापडावर आणि मऊ कातड्यावर शिकावी, आणि पट्टे बांधण्याचा अभ्यास माणसाच्या आकाराच्या बनविलेल्या पुतळ्यावर करावा, असे तेथे सांगितले आहे. त्या पुतळ्याला 'पुस्तमय पुरुष' असे नाव आहे, आणि या अभ्यासाला 'योग्या' अशी संज्ञा आहे. शास्त्र कितीही ऐकले तरी योग्या न केलेला शिष्य कर्माला अपात्र, असा त्या अध्यायाचा आशय. गुरुग्रामच्या कौशल्य-शाळेतील बाहुलीची वंशावळ शोधावयाची तर ती अशी दूरवर जाते.

युरोपात हाच विचार अठराव्या शतकात एका सुईणीला सुचला. अँजेलिक द्यू कुद्रे हे तिचे नाव. फ्रान्सच्या राजाने १७५९ साली तिला खेडोपाडी सुईणींना शिकविण्याचा अधिकार दिला. कापड, कातडे आणि भरण वापरून तिने स्त्रीचा कटिभाग आणि बालक यांची प्रतिकृती शिवली आणि ती बरोबर घेऊन ती वर्षानुवर्षे देशभर हिंडली. हजारो खेडवळ स्त्रियांचे हात त्या कापडी बालकावर तयार झाले. त्यांतील एक प्रतिकृती फ्रान्समधील रुआँ येथील संग्रहालयात आजही जतन केलेली आहे. पुढे १९११ साली अमेरिकेतील हार्टफर्डच्या रुग्णालयात मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंनी घडविलेली पूर्ण मापाची बाहुली आली, आणि 'मिसेस चेस' या नावाने ती कित्येक पिढ्यांच्या परिचारिकांची पहिली रुग्ण झाली. १९६० साली नॉर्वेमधील ऑस्मुंड लेर्दाल यांनी तोंडाने श्वास देण्याचा सराव करण्यासाठी 'अ‍ॅन' नावाची बाहुली तयार केली. हे गृहस्थ मूळचे खेळण्यांचे कारखानदार. त्यांचा स्वतःचा दोन वर्षांचा मुलगा पाण्यात बुडता बुडता त्यांच्याच हातून वाचला होता. खेळण्याचे शिक्षणसाधन झाले, त्यामागे एका बापाने अनुभवलेली भीती होती.

याच घराण्यातील एक धाकटी बाहुली म्हणजे 'निओनॅटली'. ती रिकामी असताना घडी घालून पिशवीत ठेवता येते. तिच्यात दोन लिटर कोमट पाणी भरले, की ती नवजात बालकाइतकी जड आणि उबदार होते, आणि तिची मान खऱ्या अर्भकाप्रमाणेच लटकी पडते. शिक्षिकेने आपल्या हातातील रबरी फुगा दाबला, तर तिच्या नाळेत ठोका जाणवतो. पहिल्या साठ सेकंदांत श्वास सुरू करून देणे, हा तिच्यावर गिरविण्याचा मुख्य धडा. भारत सरकारने २००९ साली सुरू केलेल्या नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमातही प्रसूतीच्या जागी असणाऱ्या परिचारिकांना हेच मूलभूत कौशल्य शिकविण्यावर भर देण्यात आला. त्या वर्षी देशात जन्मणाऱ्या दर हजार जिवंत बालकांपैकी ३४ बालके पहिल्या महिन्यातच मृत्यू पावत होती. २०२० साली हा आकडा २० वर आला. या घटीचे श्रेय अर्थातच एकट्या बाहुलीला देता येणार नाही. रुग्णालयातील बाळंतपणे वाढली, आजारी नवजातांसाठी विशेष कक्ष उघडले, अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. परंतु कक्ष उघडले तरी तेथे मास्क नीट धरणारा हात लागतोच.

हा हात घडविण्याची जबाबदारी परिचर्या महाविद्यालयांची. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली पदवीचा जो नवा अभ्यासक्रम जाहीर केला, त्यात बाल-आरोग्य परिचर्येच्या पाचव्या सत्रात रुग्णालयातील १६० तासांखेरीज कौशल्य-शाळेसाठी ४० तास वेगळे राखून ठेवले. शिक्षकांनाही हे नवे तंत्र शिकावे लागते. त्यासाठी परिषदेच्या पुढाकाराने गुरुग्राम येथील एस.जी.टी. विद्यापीठात एक राष्ट्रीय केंद्र उभारण्यात आले. प्रसंग कसा रचावा, तो कोठे थांबवावा, आणि थांबविल्यानंतर काय बोलावे, हे तेथे शिक्षकांनी शिकावयाचे. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे.

एक उदाहरण घेऊ. खाटेवर आठ महिन्यांचे मूल आहे, म्हणजे त्या मापाची बाहुली आहे. तिच्या छातीतील यंत्र मिनिटाला ५४ श्वास घेईल असे लावून ठेवले आहे. दुसरी एक विद्यार्थिनी आई झाली आहे, ती पदराशी चाळा करीत पुनःपुन्हा विचारते, "सिस्टर, मेरा बच्चा ठीक तो हो जाएगा न?" परिचारिका झालेली मुलगी गडबडते. ती पंधरा सेकंद श्वास मोजते, बारा भरतात. चाराने गुणून ४८ लिहिते. दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या मुलाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक असेल तर तो जलद समजावयाचा, हा नियम तिला तोंडपाठ आहे. ४८ म्हणजे ठीक. ती आईला धीर देऊन घरी पाठविते.

प्रसंग संपतो आणि सगळ्या जणी वर्तुळ करून बसतात. शिक्षिका 'चूक का केलीस?' असे विचारीत नाहीत. 'तू काय पाहिलेस? काय मोजलेस? त्या वेळी तुझ्या मनात काय चालले होते?' असे विचारतात. मुलगी सांगते: आई सारखी बोलत होती, म्हणून लवकर मोजले. मग तिलाच उमगते की, पंधरा सेकंदांत श्वास बारा भरले की चौदा, यात संपूर्ण निदान फिरू शकते. आणि लहान मुलाचा श्वास एका लयीत चालत नसल्यामुळे तो पुरे एक मिनिटच मोजला पाहिजे. पुस्तकात हे वाक्य तिने वाचलेले होते, परीक्षेत लिहिलेही होते. परंतु न्यूमोनिया झालेले मूल आपण स्वतःच्या हाताने घरी पाठविले, ही टोचणी लागल्यावाचून ते वाक्य तिचे झाले नव्हते. आईला 'एक मिनिट थांबा, मी श्वास मोजते आहे' असे मायेने पण ठामपणे सांगणे, हेही एक कौशल्यच आहे, हा दुसरा धडा तिला त्याच बैठकीत मिळतो. बाहुलीने निर्माण केलेली ही टोचणी खरी असते. जीव मात्र कोणाचा जात नाही.

यावरून यंत्रे विकत घेतली की काम भागले, असा समज कोणी करून घेऊ नये. टांझानियातील हायडॉम येथील रुग्णालयात या बाबतीत मोठा बोधप्रद अनुभव आला. तेथील परिचारिकांना नवजाताला श्वास देण्याचे एका दिवसाचे शिक्षण बाहुलीवर देण्यात आले. बाहुलीपुढे त्यांचे कौशल्य स्पष्टपणे वाढले. पण प्रत्यक्ष प्रसूतिगृहातील त्यांच्या कामात फरक पडला नाही, असे निरीक्षण २०१३ साली प्रसिद्ध झाले. मग त्यांनी पद्धत बदलली. बाहुली प्रसूतिगृहातच ठेवली, आणि जाता-येता, थोडा थोडा, पण वारंवार सराव सुरू केला. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत दगावणाऱ्या बालकांचे प्रमाण दर हजारी ११.१ वरून ७.२ वर आले. हा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. बाहुली तीच, माणसेही तीच. फरक होता तो रियाजाचा. गवयाचा गळा वर्षातून एका दिवसाच्या मेहनतीने तयार होत नाही, मग परिचारिकेचा हात कसा होईल?

ज्या महाविद्यालयात महागडी बाहुली काचेच्या कपाटात प्लॅस्टिकच्या आवरणासह उभी असते आणि तपासणीच्या दिवशीच बाहेर निघते, तेथे ती नसल्यासारखीच होय. उलट जेथे कापडात तांदूळ भरून शिवलेल्या साध्या बाहुलीवर मुली रोज संध्याकाळी अर्धा तास मूल कुशीत धरणे, अंग पुसणे, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे हे गिरवितात, तेथे खरी शाळा आहे. महाराष्ट्रात तर याचा एक दाखला घरचाच आहे. गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजाताची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि नवजात-मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ साली जगापुढे मांडले. त्या स्त्रियांजवळ पदव्या नव्हत्या. त्यांचे शिक्षण नेटके होते आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती.

दुसरा धोका याच्या उलट टोकाचा आहे. रुग्णालयात विद्यार्थिनींची गर्दी होते, खाटा पुरत नाहीत, तेव्हा वॉर्डातील शिक्षण कमी करून बाहुलीवरच भागवावे, असा मोह संस्थांना पडू शकतो. अमेरिकेत दहा संस्थांतील विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयातील शिक्षणाचा निम्म्यापर्यंत भाग लुटुपुटूच्या प्रसंगांनी भरून काढला तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत उणेपणा येत नाही, असे त्यात आढळले. परंतु तेथे शिक्षक या तंत्रात तयार केलेले होते, साधने पुरेशी होती आणि प्रत्येक प्रसंगामागे रीतसर चर्चा होती. या अटी वगळून केवळ 'निम्मे' हा शब्द उचलणे म्हणजे सोयीपुरते शास्त्र मानणे होय.

कारण बाहुलीला मर्यादा आहेत. तापाने फणफणलेल्या मुलाच्या अंगाचा वास तिला नाही. ती सुई टोचताना हात झटकून देत नाही, परिचारिकेचे बोट मुठीत धरून झोपी जात नाही. बिहारमधून रात्रभर आगगाडीचा प्रवास करून आलेली आई आणि तिच्या मांडीवरचे मलूल मूल यांच्यापुढे उभे राहिल्यावर छातीत जे कालवते, ते कोणत्याही यंत्रात भरता येत नाही. करुणा वॉर्डातच शिकावी लागते. बाहुलीने करावयाचे ते एवढेच: त्या करुणेच्या हाती सज्ज असे हात द्यावयाचे. हात थरथरत असतील, तर अंतःकरण कितीही ओले असून मुलाला त्याचा उपयोग नाही.

लहानपणी भातुकलीत मुली बाहुलीला ताप आणतात, औषध पाजतात, थोपटून निजवितात. मोठेपणी परिचारिकेच्या वाट्याला ती बाहुली पुन्हा येते. पण या वेळी खेळून झाल्यावर तिला कोपऱ्यात टाकून उठून जाता येत नाही. एखाद्या रात्री दिल्लीच्या एखाद्या प्रसूतिगृहात दिवे मंदावलेले असतील, डॉक्टर दुसऱ्या खाटेशी गुंतलेले असतील, आणि एक मूल न रडता जन्माला येईल. त्याच्या उशाशी उभी असलेली तरुण परिचारिका अंग पुसील, खांद्याखाली घडी सरकवील, हनुवटी उचलील. छाती वर येईल आणि टाहो ऐकू येईल. त्या आईला कधीच कळणार नाही की, आपल्या बाळाच्या आधी याच हातांखाली एक बाहुली कितीतरी वेळा दगावली होती. तिला ते कळण्याचे कारणही नाही. त्या बाहुलीने आपल्या वाट्याचे मरण आधीच भोगलेले असते.